मिठाच्या पाण्यातलं सोनं

दत्तारामकाकांचा उंबरा गुलाबी झाला आणि माझं दुकान संकटात आलं.

खरं तर लालबागच्या चाळीत, उघड्या गटाराला लागून, कोणी पांढऱ्याशुभ्र संगमरवराचा उंबरा बसवू नये. पण काकांनी बसवला. ते चाळ कमिटीचे सेक्रेटरी, मुलगी नुकतीच लग्न होऊन गेलेली, हाताशी वेळ होता. त्यांच्या दारापासून थोडं वर, त्याच गटाराच्या चढाला, माझं रंगाचं दुकान. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. शेगडी, मोठाली पातेली, रंगाच्या पुडीचे डबे, ढवळायच्या काठ्या आणि कोपऱ्यात मोरी. फिकट झालेल्या साड्या, नाटकवाल्यांचे झगे, ढोलपथकांचे शेले, एप्रिलच्या आधी निळे स्कार्फ, सगळं मी याच मोरीपाशी रंगवून देते. बाबा मिलच्या डाइंग खात्यात होते. मिल गेली, खातं गेलं, हात राहिले. त्या हातांच्या मागे उभी राहून मी थोडं शिकले, आणि उरलेलं, ते गेल्यावर, लोकांचे कपडे बिघडवून शिकले.

तर त्या दिवशी गिरगावच्या एका पथकाचे राणी रंगाचे शेले होते. उरलेलं पाणी मी नेहमीसारखं मोरीत ओतलं. पुढे गटारात कोणाची तरी करवंटी अडकलेली. पाणी चढलं आणि काकांच्या उंबऱ्यावरून ऐटीत वाहत गेलं. संगमरवर असा काही गुलाबी झाला की माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, पण सुंदर दिसतोय हो."

"माका सुंदर नको, माका पांढरो होयो!" काका ओरडले.

काका रागावले की मालवणीत जातात. शांत झाले की कमिटीच्या भाषेत येतात, आणि भीती तिची जास्त. दुसऱ्या दिवशी ते कमिटीच्या भाषेत आले.

"रुपाली, राग मानू नकोस. हे गटार बुजवून आपण आता बंद पाइप टाकतोय. त्या पाइपात रंगाचं पाणी नको, असा सगळ्यांचा सूर आहे. रविवारच्या मीटिंगला ठराव येईल. तुझ्या पुढच्या खोलीतल्या मोरीचं कनेक्शन बंद."

"मोरी बंद म्हणजे दुकान बंद, काका."

"दुकानाबद्दल ठरावात काही नाही. ठरावात फक्त मोरी आहे."

आतून आईचा आवाज आला, "दत्तारामा, मग श्वास बंद कर म्हण, जगायला मनाई नाही!"

माझी आई, शेवंती. तिला कानाने कमी ऐकू येतं, पण जे ऐकायचं ते बरोबर ऐकू येतं.

काका गेले. मी काठी घेऊन पातेलं ढवळत बसले. ढवळण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण हाताला सवय. पन्नाशीच्या बाईने दुसरं काय काम शोधायचं? आणि शोधायचं तरी का? मला हे येतं. साडीचा नुसता तुकडा दाखवा, मी त्याच्याशी जुळणारा परकर तुम्हाला संध्याकाळी देते. असं येत असलेलं काम मोरीच्या एका पाइपावर अडावं, हे काही मला पटेना.

*

बुधवारी आकांक्षा आली. माझ्या भावाची, गौतमची मुलगी. वडाळ्याला राहते आणि एका मोठ्या इन्स्टिट्यूटमध्ये सोन्याच्या नॅनोकणांवर पीएचडी करते. आमच्या आईने यातला "सोन्याच्या" एवढाच शब्द उचलला आणि चाळभर सांगितला, त्यामुळे निम्म्या चाळीला ती झवेरी बाजारात कामाला आहे असं वाटतं.

तिला मी उंबऱ्याची गोष्ट सांगितली. आधी ती पोट धरून हसली. मग हसायची थांबली आणि मोरीकडे बघत राहिली.

"आत्या, तुझे हे रंग म्हणजे अझो रंग ना? केशरी, लाल, काळा?"

"मी त्यांना केशरी, लाल, काळाच म्हणते."

"उद्या येते," ती म्हणाली, आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी आली. पिशवीत हातमोजे, काचेचे ग्लास, घट्ट झाकणाची एक डबी आणि एक बाटली. बाटलीत लाल पाणी. लाल म्हणजे कोकमाच्या आगळासारखं, पण आरपार दिसणारं.

"हे सोनं," ती म्हणाली.

आईने चष्मा लावला, बाटली उजेडात धरली. "सोनं कधी लाल असतं का गं? फसवलं तुला कोणीतरी."

"आजी, फार बारीक केलं ना की लाल दिसतं. इतकं बारीक की तुझ्या एका केसाच्या जाडीत हजारो कण शेजारी शेजारी मावतील."

"माझ्या केसांचं नाव काढू नकोस. किती तोळे?"

"तोळे नाही गं. या बाटलीतल्या सोन्याची चमकीसुद्धा व्हायची नाही."

आईचा रस संपला. माझा सुरू झाला.

आकांक्षाने माझ्या डब्यातली चिमूटभर केशरी पूड ग्लासात घोळवली. हातमोजे घालून डबीतली थोडी पांढरी पूड त्यात टाकली. तिचं नाव सोडियम बोरोहायड्राइड, आणि तिला आम्ही कोणी हात लावायचा नाही, अशी तंबी. आम्ही बघत बसलो. काही झालं नाही. चहा झाला, तरी काही झालं नाही.

"ही पूड रंगाला मोडू शकते," आकांक्षा म्हणाली, "पण आपणहून मोडत नाही. दोघं एकाच पाण्यात आहेत, पण ओळख नाही. आता बघ."

तिने लाल पाण्याचे थेंब सोडले. बारीक बारीक बुडबुडे आले आणि केशरी पाणी आमच्या डोळ्यांदेखत उतरायला लागलं. संत्रं झालं, मग मोसंबी, मग लिंबाचं सरबत, मग नुसतं पाणी, जरासं गुलाबी. तेवढा गुलाबीपणा सोन्याचा.

मी आयुष्यभर कपड्यावर रंग चढवलेली बाई. रंग असा निमूट उतरताना मी कधी पाहिला नव्हता.

"सोन्याने काय केलं यात?"

"मध्ये उभं राहिलं. पूड आणि रंग दोघंही सोन्याच्या अंगावर येऊन टेकतात. पुडीला जे द्यायचंय ते ती सोन्याच्या हातात देते, सोनं ते रंगाला देतं. रंग मोडतो, दोघं सुटतात, सोनं पुढच्यांसाठी मोकळं. स्वतः खर्च होत नाही."

"मग माझ्या बांगडीने का नाही होत हे? ती बुडवली तर?"

आकांक्षाने दाराबाहेर बोट दाखवलं. समोर, जिथे बाबांची मिल होती, तिथे टॉवर उभा आहे. "तो बघ. किती माणसं राहतात त्यात? आणि दिसतंय का कोणी? सगळी आत. ती तुझी बांगडी. तिच्यातलं जवळजवळ सगळं सोनं आत कोंडलेलं, कोणाला भेटतच नाही. आणि आपली चाळ बघ. जो तो गॅलरीत. रस्त्यावरून कोणी गेलं तर दहा जणं विचारतात कुठे चाललास. सोनं बारीक केलं की असं होतं. आत कोणी राहतच नाही, सगळं गॅलरीत. म्हणून कामं होतात."

"आणि भांडणं."

"तीसुद्धा," आकांक्षा हसली.

मला एवढा धीर आला की मी उठले आणि सकाळच्या खऱ्या पाण्याची बादली पुढे ओढली. दुसऱ्या एका पथकाचे केशरी शेले काढल्यावर उरलेलं, गडद केशरी. "आता यात कर."

तिने पूड टाकली, थेंब सोडले. आम्ही वाट पाहिली. तिने आणखी थेंब सोडले. बादली होती तशीच केशरी. वर जरा मळकट झाल्यासारखी, बाकी ढिम्म.

आकांक्षाच्या कपाळावर तिच्या बापासारखी आठी पडली. "या पाण्यात काय काय असतं, आत्या? सगळं सांग."

"रंग. पाणी. थोडा धुण्याचा सोडा."

"बस?"

"बस. आणखी काय?"

तिने सोडा घालून वेगळ्या ग्लासात पाहिलं. तिथे रंग गेला. बादलीत जाईना. ती वहीत काहीतरी खरडत बसली आणि मी दुसरं पातेलं शेगडीवर चढवलं, कारण मीटिंग रविवारी असली तरी नाटकवाल्यांचे झगे शुक्रवारी द्यायचे होते. रंग टाकला, ढवळला, उकळी यायला लागली तसा डब्यात हात घातला आणि मूठ सोडली. मग दुसरी.

"हे काय टाकलंस?" आकांक्षा मागून म्हणाली.

"काय?"

"आत्ता. मुठीने."

"मीठ."

"मीठ!"

"अगं, मिठाशिवाय रंग कपड्याला धरत नाही. पाण्यातच बसून राहतो. मीठ घातलं की ढकलला जातो कपड्याकडे."

"मग मघाशी मीठ सांगितलं का नाहीस?"

"मीठ काय सांगायचं? भात कसा करायचा म्हणून विचारलं तर चूल पेटवायला सांगते का मी?"

मग तिने बाटलीतलं थोडं लाल पाणी ग्लासात घेतलं, माझ्या डब्यातलं मीठ चिमटीत धरलं आणि त्यात सोडलं. लाल पाणी जांभळं झालं. जांभळ्याचं निळं, निळ्याचं राखाडी. उकळावं लागलं नाही की ढवळावं लागलं नाही. मिठाच्या एका चिमटीने सोन्याचा रंग गेला.

"मेलं," आकांक्षा म्हणाली. "प्रत्येक कणावर सारखाच भार असतो, म्हणून ते एकमेकांना लांब ढकलतात. मीठ आलं की तो भार झाकला जातो. मग ते एकमेकांना चिकटतात, गोळा होतो, सगळं पुन्हा आत."

"म्हणजे रिडेव्हलपमेंट."

"काय?"

"चाळ पाडून टॉवर केला. गॅलरी गेली."

ती हसली, पण तिचा चेहरा उतरला होता. "मी तरी काय गं, आत्या. आमच्या लॅबमधलं पाणीसुद्धा दोनदा गाळलेलं. त्यात मीठ कुठून येणार? मी तुझ्या मोरीपाशी आले आणि लॅबमधल्यासारखीच वागले. मीठ आहे का, हे विचारायचं सुचलंच नाही."

"आणि मला सांगायचं. जाऊ दे. पाव खा."

पाव खाता खाता मी त्या राखाडी ग्लासाकडे बघत होते. मला सोन्याची कीव येत होती असं नाही, पण हे दुखणं मला ओळखीचं वाटत होतं. सुटा रंग पाण्यात फिरत राहिला की असाच कुठेतरी जाऊन गोळा होतो, कपड्यावर डाग पडतात. त्यावर आमच्याकडे उपाय आहे.

"आकांक्षा, हे कण पाण्यात मोकळे सोडलेच नाहीत तर? आधी कशावर तरी बसवून टाकायचे. जागच्या जागी. मग मीठ येवो नाहीतर आणखी कोणी, ते सरकणार कसे आणि चिकटणार कोणाला?"

"करतात तसं. वाळूवर बसवतात, कोळशावर बसवतात. कपड्यावरसुद्धा बसवलेत लोकांनी."

"कपड्यावर कसे?"

"कपड्याला काहीतरी लावावं लागतं, सोनं धरून ठेवणारं. टॅनिन वगैरे."

"ते कशात असतं?"

"चहात असतं, डाळिंबाच्या सालीत, हिरड्यात..."

मी उठून फळीवरचा डबा काढला. बाबांच्या वेळेपासून हिरड्याची पूड मी ठेवते. जुन्या पद्धतीचा पक्का रंग कोणी मागितला तर आधी सुती कपडा हिरड्याच्या पाण्यात उकळून घ्यायचा, मग रंग सोडत नाही. आकांक्षाने डबा हुंगला. मग मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे, आणि आम्ही दोघी एकदमच बोलायला लागलो, त्यामुळे कोण काय म्हणालं ते आता आठवत नाही.

*

संध्याकाळी ती हिरड्यात उकळलेल्या पांढऱ्या सुती कापडाच्या पट्ट्या घेऊन लॅबला गेली. शनिवारी परत आली ती पिशवी छातीशी धरून. आतून तिने एक पट्टी काढली. जांभळट, वाइनसारखी, मध्ये थोडी फिकी.

"सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवून गरम केली. हिरड्याने सोनं बाहेर ओढलं आणि तिथेच धरून ठेवलं. माझ्या गाइड मॅडमनासुद्धा आवडलं."

मी पट्टी चिमटीत धरून घासली, पाण्यात पिळली. आम्हाला तीच परीक्षा कळते. रंग सुटला नाही. आत्तापर्यंत मी काय काय रंगाने कपडे रंगवले, पण सोन्याने रंगवलेलं कापड हातात पहिल्यांदाच येत होतं. मध्ये जरा एकसारखं बसलं नव्हतं, पण ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही.

पाणी या वेळी माझं खरं घेतलं. केशरी, सोड्याचं, मुठीने मीठ घातलेलं. पूड टाकली, पट्टी सोडली आणि काठीने हळूहळू हलवत राहिलो. संत्रं झालं. मोसंबी. सरबत. पाणी.

"ओ," आई दारातून म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

पट्टी धुतली, पूड घातलेल्या दुसऱ्या पाण्यात टाकली. तेही उतरलं. तिसऱ्यात जरा जास्त वेळ लागला, पण उतरलं. सोनं होतं तिथेच होतं. लग्न लावून द्यायचं आणि स्वतः घासही खायचा नाही, असला पाहुणा मी कधी पाहिला नव्हता.

"जिंकलो आपण," मी म्हणाले. "उद्या काकांच्या नाकासमोर दाखवते."

आकांक्षा पट्टी वाळत घालत होती. ती वळली नाही.

"काय गं?"

"आत्या, एक आहे. रंग गेला म्हणजे तो नाहीसा झाला असं नाही. रंगाचा रेणू मधोमध मोडतो. दोन तुकडे होतात. तुकड्यांना रंग नसतो म्हणून दिसत नाहीत. पण ते असतात. आणि त्यातले काही चांगले नसतात."

"म्हणजे ते पाणी गटारात सोडलं तर?"

"दिसणार नाही. एवढंच."

मी त्या स्वच्छ बादलीकडे पाहिलं. इतकी वर्षं माझं गुलाबी, केशरी, काळं पाणी सगळ्यांना दिसत होतं. काका ओरडायचे, बायका पाय उचलून चालायच्या. निदान सगळ्यांना कळत तरी होतं. आता मी न दिसणारं सोडणार होते, तेही टाळ्या घेऊन.

"उद्या कोणी विचारलं नाही तर?" आकांक्षाने विचारलं.

मी बादली मोरीपासून लांब सरकवली.

*

रविवारी अंगणात खुर्च्या मांडल्या. पाइपाचं काम, टाकीची सफाई, मग माझी मोरी. "सोनं" असा शब्द पसरला होता, त्यामुळे एरवी मीटिंगला न येणारे लोकही येऊन बसले. मी काचेचं मोठं भांडं आणलं होतं, कोणालाही शंका नको म्हणून. त्यात शनिवारच्या कामाचं केशरी पाणी. आकांक्षाने हातमोजे चढवले, पूड टाकली, पट्टी सोडली.

रंग उतरायला लागला तशी माणसं खुर्च्यांवरून उठून पुढे आली. वरच्या गॅलरीतून कोणीतरी शिट्टी मारली. पाणी नितळ झालं तेव्हा टाळ्या पडल्या.

"बघलात?" कौसल्याकाकू नवऱ्याला म्हणाल्या. त्या दत्तारामकाकांच्या बायको, आणि आई सोडली तर चाळीत काकांना न घाबरणारं एकमेव माणूस. "आता उगाच खुसपट काढू नका."

काका भांड्याजवळ आले. चष्मा वर केला, वाकून पाहिलं. पाण्याच्या आरपार त्यांचं नाक मोठं दिसत होतं.

"स्वच्छ आहे म्हणतेस?"

"रंग गेलाय, काका."

"ते दिसलं. स्वच्छ आहे का, ते विचारतोय. असेल तर पिऊन दाखव."

आकांक्षाने तोंड उघडलं, मी तिच्या हातावर हात ठेवला.

"नाही पिणार," मी म्हणाले.

"का?"

"कारण रंग मोडलाय, संपला नाही. त्याचे तुकडे आहेत यात. दिसत नाहीत, पण आहेत. ही मुलगी शिकलेली आहे, तिनेच मला सांगितलं. तिने सांगितलं नसतं तर मी पाइपात सोडून मोकळी झाले असते, आणि तुम्हालाही कळलं नसतं."

कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, मग हा तमाशा कशाला. काकांनी खिशातून ठरावाचा कागद काढला, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यात फार आनंद झालेला दिसला नाही.

"मग रुपाली, तूच सांग, मी काय करू?"

गप्प राहायला नको म्हणून मी नुसतं म्हणाले, "आणि पिण्यात मजाही नाही, काका. खारट आहे."

ते बोलून झालं आणि मी स्वतःच थांबले.

खारट आहे. रंग मोडला, पण मीठ कुठे गेलं? कुठेच नाही. माझ्या मुठींचं सगळं मीठ या भांड्यात तसंच आहे. सोडाही आहे. पाणीही आहे. यात नव्हता तो फक्त रंग, आणि रंगाचे डबे माझ्याकडे फळीभर.

"आकांक्षा," मी म्हणाले, "हे पाणी मी पुन्हा पातेल्यात घातलं तर? त्यातच नवीन रंग टाकला तर?"

तिचे डोळे मोठे झाले. मग ती घाईने माझ्या कानाशी आली. "पूड अजून जिवंत असेल थोडी. ती नवा रंगही खाईल."

"मग मार तिला. कशाने मरते?"

"आंबटाने. व्हिनेगर आहे का?"

रेशमाला रंग देते मी. व्हिनेगर नसेल कसं? आकांक्षाने पट्टी बाहेर काढली, लोकांना मागे सारलं, निघणारा वायू पेटतो म्हणून शेगडी अजून लांबच ठेवायला लावली आणि थोडं थोडं करून व्हिनेगर ओतलं. भांडं सोडावॉटरसारखं फसफसलं. ती वाकून बघत राहिली. फसफस थांबली, पुन्हा थोडं ओतलं, काही झालं नाही.

"मेली," ती म्हणाली.

"कोणाचं काही रंगवायचंय का?" मी अंगणाला विचारलं. "लगेच आणा. सुती पाहिजे."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. रंग मोडलेल्या पाण्यात आपला कपडा कोण घालणार? कौसल्याकाकू मात्र उठल्या, घरात गेल्या आणि काकांचा भजनी मंडळाचा शेला घेऊन आल्या. कधीकाळी केशरी असलेला, आता चिंध्यांच्या गाठोड्यात शोभेल असा.

"तो माझो आसा!" काका ओरडले.

"तुमचोच हा. म्हणूनच आणलंय."

शेगडी अंगणात आली, तेच पाणी पातेल्यात ओतून वर चढवलं. मी केशरी टाकला. हात सवयीने मिठाच्या डब्याकडे गेला आणि मी तो परत घेतला. ते सर्वात अवघड होतं, हात रिकामा परत घेणं. शेला पाण्यात गेला. काठीने मी तो वरखाली करत राहिले आणि सगळी चाळ पातेल्याभोवती अशी उभी, जशी आत कोणाचं बारसं चाललंय. मनात मला भीती होती. मीठ कमी पडलं असेल, पूड मेली नसेल, ते तुकडे काहीतरी करतील. तोंडावर मी काही दाखवलं नाही. रंगाऱ्याने तोंडावर भीती दाखवली की गिऱ्हाईक कपडा परत मागतं.

शेला काढला, पिळला, झटकला.

केशरी. एकसारखा, काठापासून काठापर्यंत. नव्या मिठातल्यापेक्षा थोडा मंद असेल, तो फरक माझ्याशिवाय तिथे कोणाला कळणार नव्हता.

"पाणी गटारात जाणारच नाही, काका," मी म्हणाले. "रंगाचं नाही आणि बिनरंगाचंही नाही. कपडे धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात जाईल. सोन्याची पट्टी फिरवायची, उरलेली पूड व्हिनेगरने मारायची, पुन्हा पातेल्यात."

"कायमचं?" काकांनी आकांक्षाला विचारलं.

"नाही," ती सरळ म्हणाली. "फिरवता फिरवता तुकडे साठत जातील. मग ते पाणी थकेल. तेव्हा ते कॅनमध्ये भरून मी लॅबच्या रासायनिक कचऱ्यात देईन. मॅडमशी बोलले नाहीये अजून, पण त्यांना हे पाहिजेच असणार, माझ्या कामातलंच आहे. आणि पट्टीपण कधीतरी थकेल. दुसरी करू."

काकांनी ओला शेला हातात घेतला, उलटा करून पाहिला, बोटाने चोळला. बोटाला काही लागलं नाही. त्यांनी ठरावाच्या कागदावर पेनने एक ओळ खोडली आणि मोठ्याने वाचत दुसरी लिहिली, "पुढील खोलीच्या मोरीतून रंगीत अथवा रंगहीन, कोणत्याही प्रकारचे रंगकामाचे पाणी सोडले जाणार नाही. मोरीचे कनेक्शन चालू राहील."

"अथवा रंगहीन," आई माझ्या कानाशी म्हणाली. "लिहिता बरं येतं मेल्याला."

*

आता माझ्या खोलीत मोरीच्या शेजारी निळं पिंप आहे, आणि त्यावर दोरीला जांभळ्या पट्ट्या वाळत असतात. गिऱ्हाइकं विचारतात, हा शेड कोणता, आम्हाला ब्लाउजला पाहिजे. मी म्हणते, परवडायचा नाही. पट्ट्या आता मीच हिरड्यात उकळून देते, पूड मात्र आकांक्षाच येऊन टाकते. मध्ये फिकी राहायची ती का, हे मी आकांक्षाला सांगितलं. कापड आधी नीट भिजवून घ्यायला हवं होतं, बाकी काही नाही. तिने ते तिच्या वहीत लिहिलं आणि मला पाणी का थकतं ते समजावलं. ते मी माझ्या डोक्यात लिहिलं.

मिठाच्या डब्याकडे हात अजून जातो. निम्म्या वाटेवरून परत येतो.

मागच्या आठवड्यात काका दुकानाशी घुटमळत उभे होते. मग आत आले.

"रुपाली, ती तुझी सोन्याची पट्टी. दगडावर चालते का?"

"कशाला?"

"उंबरा. त्यावरचं ते गुलाबी गेलं तर..."

मी आकांक्षाला फोन लावणार होते. खरंच. ओल्या फडक्यात पूड, वर पट्टी, कदाचित जमलंही असतं. पण तेवढ्यात कौसल्याकाकू मागून आल्या, हातात पिशवी, भाजी आणायला निघालेल्या.

"उंबऱ्याक हात लावशात तर बघा," त्या म्हणाल्या. "अख्ख्या चाळीत असो उंबरो कोणाकडे आसा? माका तो तसोच होयो."

काका माझ्याकडे बघत राहिले. मी फोन बाजूला ठेवला आणि पातेलं ढवळायला घेतलं.